पोलादाचे पाणी

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत पाककृती असतात, विणकामाचे नमुने असतात, यात्रांची वर्णने आणि थोरामोठ्यांची चरित्रेही असतात. यंदा संपादिकाताईंनी माझ्याकडे इतिहासविषयक लेख मागितला आणि मी ‘पोलाद’ हा विषय सांगितला, तेव्हा त्या क्षणभर गप्प राहिल्या. विषय पुरुषी वाटला असावा. परंतु सकाळपासून रात्रीपर्यंत आपल्या हाताला काय काय लागते ते पाहावे. विळी, सुरी, किसणी, सांडशी, कात्री, शिवणाची सुई. शेतावर जाणाऱ्या बाईच्या हाती खुरपे, विळा, ऊसतोडीला कोयता. धारेच्या लोखंडाशी बायकांइतका रोजचा संबंध क्वचितच कोणाचा असेल. तरी पोलादाचा इतिहास म्हटला की तलवारी, तोफा आणि राजे एवढेच डोळ्यांपुढे येतात. हे पोलाद जगात निरनिराळ्या ठिकाणी कोणी व कसे केले, आणि त्यात आपल्या जिल्ह्याचा संबंध कोठे येतो, हे मला येथे थोडक्यात सांगावयाचे आहे.

प्रथम पोलाद म्हणजे काय ते पाहू. जुन्या धाटणीचा घडीव लोखंडाचा पळा जोर लावला तर वाकतो. बिडाचा तवा हातून निसटून फरशीवर पडला तर तडकतो. विळीचे चांगले पाते मात्र वाकत नाही, तडकत नाही आणि धारही धरून ठेवते. तिन्ही मुळात लोखंडच. फरक आहे तो त्यात मुरलेल्या कोळशाच्या अंशाचा, म्हणजे कर्बाचा. घडीव लोखंडात किलोमागे एक ग्रॅमही कर्ब नसतो. बिडात तो तीस-चाळीस ग्रॅम असतो. धारेच्या पोलादात साधारण पाच ते दहा ग्रॅम. भाजीतल्या मिठासारखेच हे. कमी पडले तर अळणी, जास्त झाले तर वाया. जगातील सर्व लोहारांनी हजारो वर्षे जी धडपड केली ती या चिमूटभर कर्बाचे प्रमाण साधण्यासाठी. आणि तीही कर्ब म्हणजे काय हे ठाऊक नसताना, केवळ डोळ्याने रंग पाहून, कानाने आवाज ऐकून आणि हाताने अंदाज घेऊन.

अडचण अशी की शुद्ध लोखंड वितळावयास सुमारे 1,538 अंश उष्णता लागते. कोळशाच्या आणि हाती चालणाऱ्या भात्याच्या जुन्या भट्टीत ती मिळत नसे. त्यामुळे दगडातून लोखंड वितळून वाहत नसे. मळीने भरलेला, स्पंजासारखा गोळा भट्टीच्या तळाशी जमे. तो तापवून, ठोकून ठोकून मळी बाहेर काढावी लागे. तांबे त्या मानाने सोपे. ते 1,085 अंशांवर वितळते, साच्यात ओतता येते. म्हणून बहुतेक ठिकाणी माणसाच्या हाती तांबे आधी आले आणि लोखंड मागून.

आपला जिल्हा याची चांगली साक्ष देतो. संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे 1950-51 साली, आणि नेवाशाला प्रवरेकाठी 1954 ते 1956 या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. हसमुख सांकलिया व त्यांचे सहकारी यांनी उत्खनन केले. जोर्वे येथे तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या, आणि त्या गावाचे नाव एका संस्कृतीलाच मिळाले. श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबादला 1974 साली जमिनीतून बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशा जड ओतीव मूर्ती निघाल्या. नेवाशाच्या एका दफनात लहान मुलाच्या गळ्यातील तांब्याच्या मण्यांची माळ सापडली. तांब्याच्या गंजामुळे तिच्यातला दोरा टिकला होता, आणि त्या दोऱ्यात रेशीम व कापूस असल्याचे तपासणीत दिसले. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी प्रवरेकाठच्या कोणा आईने ती माळ आपल्या लेकराच्या गळ्यात घातली असेल! या लोकांना तांबे होते, सूत होते, रंगविलेली सुबक मडकी होती. लोखंड मात्र नव्हते. नेवाशाच्या त्याच टेकाडात वरच्या, सातवाहनकाळाच्या थरांत लोखंडी वस्तू निघतात. ज्या गावी पुढे ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्याच गावच्या मातीत तांब्याकडून लोखंडाकडे झालेला बदल थराथराने रचलेला आहे.

हे लोखंड आपल्याकडे आले कोठून? आपली जमीन काळ्या बसाल्टाची. भट्टीत घालावे असे चांगले लोहपाषाण जिल्ह्यात नाहीत. महाराष्ट्रात ते आहेत विदर्भात. नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे 1978 ते 1980 च्या दरम्यान झालेल्या उत्खननात लोखंड गाळण्याची एक भट्टीच सापडली. गोलाई दिलेल्या विटांची, भात्याच्या वाऱ्यासाठी मातीच्या नळ्या असलेली, आणि जवळ मळीचे ढीग. तिचा काळ इ. स. पूर्व 700 च्या सुमाराचा मानतात. नागपूरजवळच्या माहुरझरी येथील शिळावर्तुळांत लोखंडी अवजारांबरोबर घोड्याच्या तोंडातील लगामाच्या कड्याही मिळाल्या. तेथील एका छिन्नीचा सूक्ष्म अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. ती छिन्नी पोलादाची ठरली. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वी विदर्भातील लोहाराला लोखंडात कर्ब मुरवण्याची कला अवगत होती. भारतात याहूनही जुने लोखंड आहे. उत्तर प्रदेशातील मल्हार येथील लोखंड इ. स. पूर्व 1800 च्या आसपासचे सांगतात. 2025 साली तामिळनाडू सरकारने शिवगळै येथील लोखंड इसवी सनापूर्वीच्या चौथ्या सहस्रकातले असल्याचे जाहीर केले. त्या तारखेवर अभ्यासकांत चर्चा चालू आहे.

आता थोडे सीमोल्लंघन करू. लोखंड भट्टीतून निघण्यापूर्वी ते आकाशातून पडत असे. इजिप्तमध्ये गेर्झे येथे पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे लोखंडी मणी सापडले. ते उल्केच्या लोखंडाचे आहेत हे 2013 साली सिद्ध झाले. म्हणजे माणसाने लोखंडाची सर्वांत आधी जी वस्तू केली, तिच्यापैकी एक दागिना होता, शस्त्र नव्हे! तुतनखामेन राजाच्या कबरीतील प्रसिद्ध खंजीरही उल्केच्याच लोखंडाचा. पुढे आजच्या तुर्कस्तानात हित्ती लोकांचे राज्य झाले. इ. स. पूर्व तेराव्या शतकातील त्यांच्या राजाचे एक पत्र मातीच्या विटेवर टिकून आहे. दुसऱ्या एका राजाने चांगले लोखंड मागवले होते. त्याला हा राजा कळवतो की कोठारात सध्या चांगले लोखंड नाही, लोखंड करावयास हंगाम बरा नाही, तयार होताच पाठवीन, तूर्त एक खंजिराचे पाते घ्यावे. दुकानदाराने गिऱ्हाइकाला थोपवावे तसेच हे उत्तर वाटते. पण त्यातून एवढे कळते की ‘चांगले’ लोखंड आणि साधे लोखंड यांतला भेद तेव्हाही जाणत होते आणि चांगले लोखंड मनात आणले की लगेच होत नसे.

चीनने निराळीच वाट धरली. तेथील भट्ट्या उंच आणि भाते जोरकस. इ. स. पूर्व पाचव्या शतकाच्या सुमारास ते लोखंड वितळवून ओतू लागले. ओतीव लोखंडात कर्ब फार. म्हणून आपल्या लोहारांना कर्ब घालावा लागे, तर चिन्यांना तो काढावा लागे. वितळलेले लोखंड हवेत घुसळून ते जादा कर्ब जाळून टाकीत. इ. स. 31 मध्ये दू शी नावाच्या अधिकाऱ्याने नदीच्या पाण्यावर चालणारे भाते सुरू केले. आणि इ. स. पूर्व 117 मध्ये तर हान बादशहाने लोखंडाचा सारा धंदाच सरकारजमा केला होता. युरोपला ओतीव लोखंड मोठ्या प्रमाणावर करावयास त्यानंतर हजारावर वर्षे लागली.

आफ्रिकेची गोष्ट फार मनोरंजक आहे. टांझानियात व्हिक्टोरिया सरोवराकाठी हाया नावाचे लोक राहतात. 1976 साली, तरुणपणी भट्टी लावलेल्या त्यांच्यातील वृद्धांनी परदेशी संशोधकांपुढे पुन्हा भट्टी लावून दाखविली. भात्याच्या मातीच्या नळ्या ते भट्टीत खोल खुपसत. त्यामुळे वारा आत पोहोचण्यापूर्वीच तापे आणि उष्णता वाढे. त्या भागात अशा भट्ट्या दीड-दोन हजार वर्षांपासून असल्याचे उत्खननात दिसले. आफ्रिकेच्या अनेक भागांत भट्टीला स्त्रीच्या देहाचा आकार देत, तिच्यावर मातीचे स्तन करीत, आणि लोखंडाचा गोळा म्हणजे तिचे मूल असे मानीत. मात्र हाडामांसाच्या बाईला त्या भट्टीपाशी जाण्याची पुष्कळ ठिकाणी मनाई! प्रतिमा बाईची आणि प्रवेश बाईला नाही, ही रीत आपल्यालाही अगदीच अनोळखी नाही.

श्रीलंकेत समनलवेव येथे तर भातेच नव्हते. नैर्ऋत्य मोसमी वारा जेथे डोंगराच्या उतारावर आदळतो, नेमक्या तेथे भट्ट्यांच्या रांगा. आपल्याकडे आषाढात ज्या वाऱ्याने अंगणातली धुणी उडतात, त्याच वाऱ्यावर तेथे सातव्या ते अकराव्या शतकात पोलाद होई. गिल जुलेफ या पुरातत्त्वज्ञ बाईंनी त्या शोधून काढल्या, 1994 साली तशीच भट्टी बांधून तीत पोलाद तयार केले, आणि मगच 1996 साली तो शोध जगापुढे मांडला.

ज्या पोलादाने हिंदुस्थानचे नाव जगात गेले, ते मात्र मुशीतले पोलाद. दक्षिणेत, विशेषतः तामिळनाडूत, कर्नाटकात आणि आपल्या शेजारच्या तेलंगणात ते होई. कृती ऐका. मातीत भाताचे तूस कालवून लहान मुशी करावयाच्या. घडीव लोखंडाचे तुकडे, वाळकी लाकडाची कापटे आणि थोडी पाने मुशीत भरून तोंड मातीने बंद करावयाचे. कित्येक तास भाता चालवून भट्टी पेटती ठेवावयाची. बंद मुशीत लाकडाचा कर्ब लोखंडात मुरतो, लोखंड वितळते, आणि सावकाश निवू दिले की लहान वडीसारखा पोलादाचा गोळा निघतो. या कृतीतील लाकूड आणि पाने कोणती असावीत? जुन्या वर्णनांत लाकूड तरवडाचे आणि पाने रुईची अशी नोंद आहे. जो तरवड आपल्या माळरानावर पिवळा फुलतो, जी रुईची पाने आपण शनिवारी मारुतीला वाहतो, तीच ही झाडे!

या पोलादाला कानडी-तेलुगूत ‘उक्कू’ म्हणत. इंग्रजांनी त्याचे ‘वूट्झ’ केले. आपला ‘पोलाद’ हा शब्द फारसीतून आला. त्याआधीचा आपला शब्द ‘तिखे’, म्हणजे तीक्ष्ण लोखंड. तो बोलण्यातून गेला, याची रुखरुख वाटते. तेलंगणातील कोनसमुद्रम या खेड्यात इराणचे व्यापारी पोलादासाठी येत. सतराव्या शतकात डच लोकांनी पूर्व किनाऱ्यावरून हे गोळे जहाजे भरून नेले. त्यातून घडवलेल्या तलवारींवर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी दिसे, त्याच दमास्कसच्या म्हणून गाजल्या.

या कथेत मुंबईचेही नाव येते. 1794 साली मुंबईचे डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी या पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीकडे धाडले. दुसऱ्याच वर्षी जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर निबंध वाचला. पुढे 1820 च्या सुमारास मायकेल फॅरडे यांनी त्यावर प्रयोग केले. विजेच्या संशोधनामुळे नाव झालेले तेच फॅरडे. इंग्लंडात बेंजामिन हंट्समन या घड्याळवाल्याने 1740 च्या सुमारास, घड्याळाच्या कमानीला चांगले पोलाद हवे म्हणून, स्वतःच्या रीतीने मुशीतले पोलाद काढले होतेच. 1856 साली हेन्री बेसेमर यांनी वितळलेल्या बिडातून नुसती हवा फुंकून टनावारी पोलाद करण्याची कृती जाहीर केली. मुशीत शेरांनी होणारे पोलाद आता अर्ध्या तासात टनांनी होऊ लागले.

त्याचा घाव आपल्याकडील भट्ट्यांवर पडला. महाबळेश्वरच्या डोंगरात धावड नावाची जमात जांभ्या दगडातून लोखंड गाळीत असे. कोळशाचे लाकूड महाग झाले, विलायती लोखंड स्वस्त आले आणि एकोणिसाव्या शतकात त्यांच्या भट्ट्या विझल्या. धावड हा शब्द राहिला, धंदा गेला. दक्षिणेतील मुशीही थंडावल्या. 1882 साली चांदा जिल्ह्यातील लोहारा येथील लोहपाषाणावरचा अहवाल जमशेटजी टाटा यांच्या वाचनात आला आणि पोलादाच्या कारखान्याचे स्वप्न त्यांनी मनात धरले. तेथे जवळचा कोळसा उपयोगी पडला नाही. अखेर कारखाना दूर पूर्वेस साकची येथे झाला आणि 1912 साली तेथे पोलाद निघाले. जमशेटजी ते पाहावयास नव्हते. 1904 सालीच त्यांचे निधन झाले होते.

कोणी म्हणेल, मग पोलाद प्रथम कोणाचे? आमचे की त्यांचे? मला हा प्रश्नच फारसा उपयोगी वाटत नाही. चिन्यांनी कर्ब काढला, आपण घातला. लंकेने वारा वापरला, हायांनी वारा तापवला. ज्याला जे दगड, जे लाकूड, जो वारा मिळाला, त्याने त्यातून मार्ग काढला. अभिमान जरूर धरावा. पण तो धरताना ज्यांनी हे केले ते कोण, हेही विचारावे.

दिल्लीचा लोहस्तंभ घ्या. सहा टनांहून अधिक वजनाचे घडीव लोखंड, सोळाशे वर्षे उघड्यावर उभे. त्यावर चंद्र राजाची कीर्ती कोरली आहे. स्तंभ घडवणाऱ्या लोहारांपैकी एकाचेही नाव नाही. याला एक अपवाद आपल्या नगरचा. ‘मलिक-ए-मैदान’ ही प्रचंड तोफ 1549 साली नगरला ओतली गेली. ती पोलादाची नव्हे, काशाची. एवढे मोठे लोखंड ओतण्याची सोय तेव्हा येथे नव्हती. आज ती विजापूरच्या बुरुजावर आहे. तिच्यावर निजामशहाच्या नावाबरोबर ओतणाऱ्याचेही नाव आहे: मुहम्मद बिन हुसेन रूमी. तुर्कस्तानकडून आलेल्या कारागिराचे नाव नगरच्या धातूवर टिकले, कारण कोणीतरी ते लिहू दिले.

आता आपल्या दारच्या कारागिराकडे वळते. घिसाडी लोक आपल्या जिल्ह्याला नवे नाहीत. गावाबाहेर पाल ठोकावे, जमिनीत ऐरण रोवावी, भाता लावावा आणि गावाची खुरपी, विळे, कुऱ्हाडी करून द्याव्यात, हा त्यांचा पिढीजात धंदा. पुरुष सांडशीत लोखंड धरतो, लहान हातोडीने ठिकाण दाखवतो आणि घण घालते ती बाई. आफ्रिकेत जिला भट्टीपाशी फिरकू देत नसत, ती आपल्याकडे ऐरणीपाशी पदर खोचून उभी असते.

घोडेगावच्या बाजारात अशाच एका बाईशी मी बोलत बसले होते. मोटारीच्या जुन्या पाट्याचा तुकडा तापवून तिचे यजमान कोयता करीत होते.

“मावशी, घण कधीपासून घालता?” मी विचारले.

“लगीन झालं तवापासून. आन् बाई, घण हातानं न्हाई घालायचा, कमरंनं घालायचा. हातानं घालणारी दुपारपतुर बसती.”

“आणि पाणी केव्हा द्यायचं ते कसं कळतं?”

“रंग बगायचा. डाळिंबाच्या दाण्यावानी लाल झालं की बुडवायचं. मंग धार घासून जरा ऊब द्यायची, कडब्यावानी पिवळी झाली की पुन्यांदा पाणी. निळी हुस्तवर थांबलं तर धार मऊ पडती.”

भगिनींनो, पोलादाला पाणी देण्याची आणि मग त्याचा ठिसूळपणा काढण्याची जी रीत धातुशास्त्राच्या पुस्तकात आकडे घालून देतात, तीच ही. या बाईने ती डाळिंब आणि कडबा यांवरून सांगितली. अभियंत्याला तिची परीक्षा घ्यावीशी वाटली तर ती नापास होणार नाही. मी तिला नाव विचारले, तेव्हा ती हसली आणि म्हणाली, “आमचं नाव कुनाला हवंय? घिसाडीन म्हनलं की झालं.”

तिला वाटले ते खोटे नाही. आपण तिच्याकडून विळा घेताना दहा रुपयांसाठी घासाघीस करतो आणि दुकानातील सुरी मात्र छापील किमतीला मुकाट्याने घेतो. त्यांची मुले आज या गावी, उद्या त्या गावी. शाळेचे वर्ष कोठे पुरे व्हावे? भटक्या जमातींच्या यादीत त्यांचे नाव आहे, परंतु दाखल्यासाठी लागणारा एका गावचा पत्ता पुष्कळांपाशी नसतो. आणि पत्र्याची, कारखान्याची अवजारे स्वस्त झाल्यापासून त्यांचा धंदाही आटत चालला आहे. धावडांच्या भट्ट्या विझल्या तेव्हा त्यांची कृती कोणी लिहून घेतली असती, तर आज ती विद्वानांना मळीच्या ढिगातून शोधावी लागली नसती. या बायांच्या डोळ्यांतले डाळिंब आणि कडबा असेच विझू द्यावयाचे काय?

आपल्या हातून फार मोठे काही होणार नाही. पण काही होईल. येत्या वर्षी मंडळाच्या वस्तुप्रदर्शनात लोणच्या-पापडांच्या शेजारी एक ऐरण मांडावी, घण घालणाऱ्या एका बाईला सन्मानाने बोलवावे, आणि फलकावर तिचे पूर्ण नाव लिहावे. गावाबाहेर पाल पडले तर त्यांच्या मुलांना जवळच्या शाळेत नेऊन बसवण्याचे काम आपल्यापैकी दोघीतिघींनी अंगावर घ्यावे. आणि विळा-कोयता घेताना तिने सांगितलेली किंमत द्यावी. आपण लोखंडाचे पैसे देत नाही. लोखंड तर भंगारात मिळते. आपण पैसे देतो ते त्या पाण्याचे.